घाबरलेल्या मावळ्याचे अर्थशास्त्र

दिवाळीला चार दिवस उरले असताना आमच्या इमारतीच्या अंगणातला मुलांचा किल्ला जवळजवळ पुरा होत आला होता. दगडविटांचा सांगाडा, त्यावर भिजवलेली पोती, पोत्यांवर चिखलाचे लिंपण आणि उतारावर पेरलेल्या अळिवाला व मोहरीला फुटलेले कोवळे कोंब असा सारा जामानिमा यथासांग जमला होता. बाजारातून आणलेल्या मावळ्यांची पुरचुंडी सोडून त्यांना बुरुजाबुरुजांवर उभे करण्याचे काम चालले असताना माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने दरवाजावरचा पहारेकरी हातात घेतला, थोडा वेळ निरखला आणि मला विचारले, "बाबा, हा मावळा एवढा घाबरलाय कशाला?"

मी तो हातात घेऊन पाहिला. डोक्याला मुंडासे, अंगात हिरवा अंगरखा, हातात भाला आणि एक पाय पुढे टाकलेला. पवित्रा शूराचा होता यात शंका नव्हती. परंतु पांढऱ्या ठिपक्याच्या बरोबर मध्यभागी काळा ठिपका टेकवलेला असल्यामुळे त्याचे डोळे भूत पाहावे तसे विस्फारले होते, आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर सरकला होता. शेजारच्या मावळ्याची तीच अवस्था, तोफेजवळच्या गोलंदाजाचीही तीच. चौदा मावळे एका रांगेत उभे करून पाहिले तेव्हा शत्रू दिसण्याआधीच सैन्याचा धीर सुटल्याचे स्पष्ट झाले. सिंहासनावर बसलेल्या महाराजांचीही यातून सुटका झालेली नव्हती.

मुलीला त्या वेळी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण अर्थशास्त्र शिकवण्यात वीस वर्षे गेलेल्या माणसाला एक खोड लागलेली असते. कोणत्याही वस्तूत काही उणे दिसले की ते उणे कोणाच्या पदरात, किती दराने आणि किती वेळात पडले असावे, याचा हिशेब त्याच्या मनात सुरू होतो. त्या हिशेबाच्या पाठपुराव्यात माझी ती दिवाळी गेली. विषय खेळण्याचा असला तरी क्षुल्लक नाही, असे माझे मत झाले आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांना इतिहासातल्या माणसाचा चेहरा प्रथम भेटतो तो पाठ्यपुस्तकात किंवा पुतळ्यात नव्हे, तर दिवाळीच्या किल्ल्यावर, बोटभर उंचीच्या मातीच्या मूर्तीत. तो चेहरा कोण रंगवतो आणि त्याला त्याचे काय मिळते, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

एक मिलिमीटरचा डोळा

प्रथम मी स्वतःच ही चूक दुरुस्त करण्याचा घाट घातला. बारीक कुंचला, भिंग, टेबलावरचा दिवा आणि मुलीच्या रंगपेटीतले रंग घेऊन रात्रीची जेवणे आटोपल्यावर बसलो. अर्ध्या तासात दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की, मावळा पूर्वी नुसता घाबरलेला होता, तो आता तिरळाही झाला होता. दुसरी अशी की, हे काम हौसेने होणारे नसून विद्येने होणारे आहे.

मापाचाच विचार करा. युरोपात ऐतिहासिक सैनिकांच्या लघुमूर्तींचे एक रूढ माप ५४ मिलिमीटरचे आहे. म्हणजे खऱ्या माणसाचा सुमारे बत्तिसावा हिस्सा. या मापात संपूर्ण डोके सात मिलिमीटरच्या आसपास भरते आणि डोळ्याच्या वाट्याला एक मिलिमीटरही येत नाही. आपला दिवाळीतला मावळा याहून थोडा मोठा असला तरी त्याच्या डोळ्याची जागा ज्वारीच्या दाण्याहून लहानच असते. एवढ्या जागेत मनुष्याचा स्वभाव बसवायचा असतो.

या कामाचे नियम जाणकारांनी अनुभवातून बांधलेले आहेत. डोळ्याचे पांढरे शुद्ध पांढरे ठेवू नये. त्यात राखी किंवा कातडीच्या रंगाचा थेंब मिसळावा, नाहीतर डोळा चेहऱ्यातून बाहेर उडी मारतो. बुबुळ वरच्या पापणीला टेकलेले असावे. ते चोहोबाजूंनी पांढऱ्याने वेढले गेले की चेहरा दचकलेला दिसतो, आणि आमच्या सैन्याच्या भीतीचे मूळ नेमके इथे होते. उजव्या हाताने काम करणाऱ्याला एक डोळा सोयीचा आणि दुसरा अडचणीचा पडतो; म्हणून अडचणीचा आधी काढावा व सोयीचा त्याच्याशी जुळवून घ्यावा. भुवईचे आतले टोक केसभर खाली आले की राग दिसतो, वर गेले की काकुळती. भुवईखाली, नाकाच्या बाजूला आणि गालफडाखाली थोडी गडद छाया आणि कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या उंचवट्यावर थोडा उजेड दिल्याखेरीज चेहऱ्याला हाड येत नाही. काही अनुभवी रंगारी तर डोळ्याचे पांढरे मुळीच रंगवत नाहीत. तेवढ्या अंतरावरून खऱ्या माणसाच्या डोळ्याचे पांढरे आपल्याला दिसत नाही, दिसते ती फक्त सावली, असे त्यांचे म्हणणे असते आणि ते तर्काला धरून आहे.

सारांश, वीतभर भिंत रंगवणे आणि तिळाएवढा डोळा रंगवणे यांत क्षेत्रफळाचा आणि श्रमाचा संबंध उलटा असतो. जागा जितकी लहान, तितके कौशल्य आणि वेळ अधिक.

इतिहासाचा चेहरा कोणता?

आणि केवळ हात स्थिर असून भागत नाही. ऐतिहासिक पुरुषाचा चेहरा रंगवणाऱ्याला एका क्षणी निर्णय घ्यावाच लागतो की, हा मनुष्य दिसत कसा होता? खुद्द शिवाजी महाराजांच्या बाबतीत हा प्रश्न किती बिकट आहे ते पाहण्यासारखे आहे. सुरतेच्या इंग्रज वखारीचा पाद्री एस्कॅलियट याने जानेवारी १६६४ मधील आपल्या पत्रात महाराजांचे वर्णन केले आहे. त्यात मध्यमाहून कमी पण बांधेसूद उंची, बोलताना हसल्यासारखी मुद्रा आणि त्यांच्या लोकांपेक्षा उजळ वर्ण असा तपशील येतो. त्यानंतर दोनच वर्षांनी सुरतेत आलेला फ्रेंच प्रवासी थेवनो त्यांना सावळ्या वर्णाचा ठरवतो. मूर्तीच्या अंगाचा रंग कालवणाऱ्याने यांतले कोणाचे ऐकावे? मात्र एका गोष्टीवर हे दोघेही परके एकमताने बोट ठेवतात, आणि ती म्हणजे डोळे. चपळ, भेदक, बुद्धीचे तेज दाखवणारे डोळे. म्हणजे समकालीनांची साक्ष ज्या एका अवयवाबद्दल निःसंदिग्ध आहे, नेमका तोच आपल्या बाजारातल्या मूर्तीत सर्वांत वाईट निघतो.

चित्रांचा पुरावा हाताशी आहे. मनुचीने मीर महंमद या चित्रकाराकडून करवून घेतलेले अश्वारूढ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे; सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली दख्खनी धाटणीची चित्रे लंडन आणि ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयांत आहेत. परंतु हा पुरावा महाराष्ट्रात सहजासहजी रुजला नाही. इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र कित्येक वर्षे महाराजांचे म्हणून आपल्याकडे प्रचारात होते, आणि वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतले चित्र शोधून १९३३ मध्ये ते लोकांपुढे मांडले तेव्हा कोठे ती चूक दूर झाली. चेहऱ्याच्या बाबतीत आपण किती सहज फसू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मावळ्यांची गोष्ट तर याहून कठीण, कारण त्यांची चित्रे कोणी काढलीच नाहीत. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत मातीच्या लहान मूर्तींना सरकारी आश्रय मिळाला, तोही निराळ्या हेतूने. मुंबईच्या भायखळ्यातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात निरनिराळ्या जातींच्या व धंद्यांच्या लोकांच्या अशा मूर्ती पाहायला मिळतात. त्यांची कारागिरी उत्तम आहे; पण तेथे चेहरा व्यक्तीचा नसून नमुन्याचा आहे. पगडी पाहून माणूस ओळखावा, चेहरा पाहून नव्हे, अशी ती दृष्टी होती. आपल्या दिवाळीच्या मावळ्यांनी तीच दृष्टी नकळत पुढे चालवली आहे. एका साच्यातून निघालेले चौदा जण, चौदांची मिशी एक, चौदांची भीती एक.

ज्या सैन्याचे हे चित्रण आहे, ते तर असे मुळीच नव्हते. त्यात बाजीप्रभू होते आणि बहिर्जी नाईक होते, तानाजी होते आणि जिवा महाला होते. आणि चेहऱ्याचे मोल सांगायला शिवा काशीद यांच्याइतका दुसरा साक्षीदार कोण? १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला पडलेला असताना केवळ चेहऱ्यातल्या साम्यामुळे त्यांनी महाराजांचा वेष घेतला, पालखीत बसून ते शत्रूच्या हाती गेले आणि प्राणाला मुकले, असे परंपरा सांगते. ज्या इतिहासात एका चेहऱ्याने राजाला वेळ मिळवून दिला, त्या इतिहासाच्या मूर्तींना आपण चेहराच देऊ नये, हे विपरीत वाटते.

कुंभारवाड्यातील हिशेब

माझा बिघडलेला मावळा खिशात घालून मी दुसऱ्या दिवशी कुंभारवाड्यात गेलो. पणत्यांच्या राशींच्या मागे एका घरात साठीच्या घरातल्या एक बाई मूर्तींचे डोळे काढत बसल्या होत्या. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतून ज्याला आखणी म्हणतात ते हे काम. मी मावळा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटले, "मावशी, हा एवढा घाबरलेला का दिसतो?" त्यांनी माझी करामत आणि मूळचे काम यांतला फरक एका दृष्टिक्षेपात ओळखला. माझ्या भागाबद्दल सौजन्याने काहीच न बोलता शेजारचे दुसरे दोन मावळे उचलून त्या म्हणाल्या, "हा रातचा माल आहे, सर. दिवसा काढलेला डोळा असा नसतो."

या एका वाक्यात माझ्या मुलीच्या प्रश्नाचे सगळे उत्तर होते. पुढल्या तासाभरात त्यांनी मला त्याचा खुलासा केला, तो असा. दिवसा, हात ताजा असताना, डोळा कुंचल्याने काढला जातो. आधी वरच्या पापणीची रेघ, मग तिला लगटून बुबुळ. मागणी वाढली आणि रात्र झाली की कुंचला बाजूला राहतो आणि बारीक काडीचे टोक रंगात बुडवून ठिपका टेकवला जातो. काडी लवकर काम उरकते, पण काडीला पापणी ठाऊक नसते. ती पांढऱ्याच्या मध्यावर पडते आणि मावळा दचकतो.

रात्र का होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. त्याचे उत्तर पंचांगात आहे. अनंत चतुर्दशीपासून धनत्रयोदशीपर्यंत सुमारे सहा आठवडे मिळतात. गणपतीच्या कामातून हात मोकळे होतात तोच नवरात्रातल्या देवीच्या मूर्ती असतात, आणि त्या उरकून मावळे व पणत्या हाती घ्यायच्या असतात. मे महिन्यात हेच काम निवांत करता आले असते. परंतु मे महिन्यात माल करून ठेवायचा तर माती, रंग आणि सहा महिन्यांची मजुरी यांत पैसा अडकवावा लागतो, शिवाय माल ठेवायला कोरडी जागा लागते. त्या घरात दोहोंचीही वाण होती. व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी तर भाव आधीच ठरून जातो, आणि मजुरी शंभर नगांमागे असल्यामुळे हाती काय पडणार हे वेगावर ठरते. अशा रीतीने खेळत्या भांडवलाची टंचाई घाईचे रूप घेते, घाई काडीचे रूप घेते आणि काडी भीतीचे. आमच्या बुरुजावरच्या पहारेकऱ्याच्या चेहऱ्यावर जी भीती दिसत होती, ती मुळात त्या घरातल्या उसनवारीची होती, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

निघताना मावशींनी माझ्या मावळ्याचा चेहरा ओल्या फडक्याने पुसला, अंगाच्या रंगाचा एक हात दिला, तो वाळेपर्यंत दुसऱ्या चार मूर्ती हातावेगळ्या केल्या आणि मग चार रेघांत त्याचे दोन्ही डोळे काढून दिले. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. घरी आल्यावर मुलीने तो पाहिला आणि म्हणाली, "आता हा जागा आहे."

टाचणी आणि चौकडी

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्ही ॲडम स्मिथचा टाचण्यांचा कारखाना शिकवतो. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या आरंभीच ते उदाहरण येते. टाचणी करण्याच्या कामाचे अठरा भाग पाडून दहा माणसे दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या करीत, तेच एकटा माणूस दिवसाला वीसही करू शकला नसता. मूर्तीचेही असेच आहे. साच्यात माती भरणारा एक, कड घासणारा दुसरा, अस्तराचा रंग देणारा तिसरा आणि अंगरखा रंगवणारा चौथा अशी विभागणी केली की उत्पादन झपाट्याने वाढते. ही सारी कामे टाचणीच्या जातीची आहेत. साचा सुधारला, रंग फवाऱ्याने मारला, की दर नगाचा खर्च उतरतो.

परंतु डोळा टाचणीच्या जातीचा नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगीय कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यात मांडलेला विचार संगीताच्या चौकडीच्या उदाहरणाने प्रसिद्ध झाला. चार वादकांना एखादी रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. तेथे उत्पादकता वाढण्याला वावच नाही. इतर धंद्यांत यंत्रांमुळे मजुरी वाढत जाते आणि तिच्या तुलनेत ही चौकडी दरवर्षी महाग होत जाते. मग समाजापुढे तीनच वाटा उरतात. वाढता खर्च सोसावा, दर्जा उतरू द्यावा किंवा वादकांना कमी पैशांत राबवावे. मावळ्याचा डोळा ही चौकडी आहे. बाकीचा सगळा मावळा स्वस्त होत गेला. चेहरा स्वस्त होऊ शकत नव्हता, म्हणून आपण दुसरी आणि तिसरी वाट एकाच वेळी धरली.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात कथलाचे चपटे सैनिक रंगवण्याचे काम घरोघर बायका-मुलांकडून नगावारी करवून घेतले जाई. लंडनच्या ब्रिटन्स या कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतण्याची युक्ती काढून बाजार काबीज केला. त्या सैनिकांचे चेहरेही हातानेच रंगवले जात आणि त्यांत डोळा म्हणजे एक ठिपका, मिशी म्हणजे एक फटकारा. शिशाच्या विषारीपणाविषयीची जागरूकता आणि प्लास्टिकची स्पर्धा यांच्या कचाट्यात १९६६ मध्ये ते पोकळ सैनिक बंद झाले. बॉमोल-बोवेनच्या ग्रंथाचे साल हेच असावे, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

त्यानंतर तेथे जे घडले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चेहरा रंगवण्याची विद्या तेथे नाहीशी झाली नाही. ती मजुरीतून उठून छंदात गेली. पगारदार माणसे न रंगवलेले ऐतिहासिक सैनिक विकत घेतात, एकेका चेहऱ्यावर अनेक संध्याकाळी खर्च करतात आणि त्या वेळाचे मोल कोणाकडे मागत नाहीत. ज्या कामाचे पैसे बाजार देऊ शकत नव्हता, ते काम फुरसतीने आपल्या अंगावर घेतले. आज जगातले सर्वोत्कृष्ट लघुचेहरे या हौशी लोकांच्या टेबलांवर तयार होतात. विद्या जगली याचा आनंद आहे. पण ज्या बायकांनी दोन पिढ्या ठिपके देऊन दिवस काढले, त्यांच्या पदरात यातले काही पडले नाही, हेही त्याच वेळी आठवले पाहिजे. आपल्याकडेही दिशा तीच दिसते. शहरांतून मुलांसाठी रंगकामाची शिबिरे भरतात, पालक त्यांची फी आनंदाने भरतात. आणि तेच पालक परतताना मावळ्यांच्या पुरचुंडीवर दहा रुपयांची घासाघीस करतात. त्यांत हे लिहिणाराही आला.

स्वस्त मावळ्याची बाजू

या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. स्वस्त मावळा आहे म्हणून चाळीतल्या मुलालाही किल्ला मांडता येतो. चेहऱ्याच्या सोसापायी तो महाग केला तर किल्ला पुन्हा वाड्यावाल्यांचा होईल. शिवाय मुलाची कल्पनाशक्ती ठिपक्यातही शूर शिपाई पाहू शकते. लहानपणी आमच्या किल्ल्यावर एक हात तुटलेला मावळा वर्षानुवर्षे तानाजी म्हणून मानाने उभा असे आणि त्याच्या मुद्रेबद्दल कोणाची तक्रार नव्हती. हे सारे मान्य आहे. दुसरा एक पर्याय प्लास्टिकच्या मूर्तींनी पुढे केला आहे. तेथे डोळे ठशाने छापलेले असतात. ते तिरळे नसतात, घाबरलेले नसतात आणि रात्री केलेले तर मुळीच नसतात.

परंतु छापील डोळ्याने प्रश्न सुटतो तो गिऱ्हाइकाचा, कारागिराचा नव्हे. आणि चौदा जणांना एकच चेहरा मिळण्याचा दोष त्याने कायमचा पक्का होतो. राहिली महागाईची गोष्ट. चेहऱ्यासाठी जास्त द्यावे लागणारे मोल मूर्तीच्या किमतीत कितीसे असते? कुंभारवाड्यातल्या त्या घरी मला जे दिसले त्यावरून एवढे निश्चित सांगता येईल की, गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशातला आखणीचा वाटा इतका लहान असतो की तो दुप्पट केला तरी खरेदीदाराच्या खिशाला कळणार नाही; कारागिराच्या रात्रीला मात्र कळेल. जेथे थोड्या वाढीने एकाचे फारसे बिघडत नाही आणि दुसऱ्याचे पुष्कळ सुधारते, तेथे ती वाढ न होण्याचे कारण टंचाई नसून कोणी ती मागितलेली नसते, हे असते.

काय करता येईल?

उपाय मोठे नाहीत. शहरोशहरी किल्ल्यांच्या स्पर्धा भरतात. तट, बुरूज, दरवाजा आणि पाण्याची टाकी यांच्या हुबेहूबपणाला परीक्षक गुण देतात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिल्यापासून या हुबेहूबपणाचा आग्रह वाढला तर ते स्वागतार्हच आहे. त्याच गुणपत्रिकेत मूर्तींच्या चेहऱ्यांसाठी एक रकाना वाढवावा. प्रत्येक संघाने निदान एक मावळा स्वतः रंगवावा आणि तो मावळा कोण, कोठला, कोणत्या लढाईतला हे सांगावे. एका चेहऱ्यावर एक संध्याकाळ घालवलेल्या मुलाला दुसऱ्याने काढलेल्या चेहऱ्याची किंमत कळते. निदान त्याच्या बापाला तरी कळली.

दुसरी गोष्ट खरेदीच्या वेळेची. शाळा, सोसायट्या आणि स्पर्धा भरवणारी मंडळे यांनी मावळ्यांची मागणी दिवाळीच्या तोंडावर न नोंदवता उन्हाळ्यात नोंदवावी आणि निम्मे पैसे आगाऊ द्यावेत. यात धर्मादाय काही नाही. आगाऊ पैसे हे या धंद्यातले खरे खेळते भांडवल आहे आणि त्याने कारागिराची रात्र विकत न घेता त्याचा दिवस विकत घेता येतो.

तिसरी गोष्ट सरकारच्या हातातली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत कुंभार, मूर्तिकार आणि पारंपरिक खेळणी करणारे यांचा समावेश आहे. पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्यात दोन लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद तीत आहे. योजना चांगली आहे. परंतु एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंद होईल, असा तिचा दंडक आहे. ज्या घरात नवरा चाकावर बसतो आणि बायको डोळे काढते, त्या घरात नोंद बहुधा चाकाची होईल आणि डोळ्यांची राहून जाईल. मूर्तीला मूर्तिपण देणारी विद्या जिच्या बोटांत आहे, ती सरकारी कागदावर कारागीर म्हणून उभीच राहणार नाही. चाक आणि आखणी हे दोन स्वतंत्र कसब आहेत, हे ओळखून हा दंडक शिथिल करणे अवघड नसावे.

यंदा आमच्या इमारतीने मावळे जूनमध्येच सांगून ठेवले आहेत. भाव ठरवताना मावशींनी नेहमीप्रमाणे शेकड्याचा दर सांगितला. आखणीचे वेगळे किती, असे मी विचारले तेव्हा त्या थोड्या गोंधळल्या, कारण तो भाव आजवर कोणी विचारलेला नव्हता. मग त्यांनी एक आकडा सांगितला आणि घासाघीस अपेक्षून वाट पाहिली. घासाघीस झाली नाही. त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या अदमासापेक्षा पुष्कळ कमी होता, एवढे मात्र येथे कबूल केले पाहिजे.